नक्कल कुठे थांबवायची? इनलाइन रिकर्शनच्या मर्यादेची पार्श्वभूमी

रत्नागिरी, मालवणच्या पॉलिटेक्निकमध्ये सी शिकणाऱ्या मुलांची रिकर्शनशी, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याशी, पहिली ओळख होते ती बहुधा फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅममधून. परीक्षेपुरता विषय तिथेच संपतो. खरी गंमत मात्र पुढे आहे. लहान फंक्शनचा कॉल काढून कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) तिथे त्याचा कोडच उतरवतो, म्हणजे ते इनलाइन करतो. मग स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनचं काय?

१९५७च्या फोरट्रान या भाषेला हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्यात रिकर्शन नव्हतं. गाठ बसली ती १९६०च्या अल्गॉल भाषेमध्ये. प्रोसीजरचा (म्हणजे फंक्शनचा) कॉल म्हणजे काय, हे त्याच्या अहवालाने नकलेच्या भाषेत सांगितलं: कॉलच्या जागी प्रोसीजरचा मजकूर ठेवा आणि तो चालवा. त्याच भाषेत रिकर्शनलाही जागा मिळाली, अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हान वाइनगार्डन आणि डाइक्स्ट्रा यांनी त्यासाठी अहवालाचे संपादक पीटर नाउर यांना फोन केला म्हणून. प्रोग्रॅम चालत असताना ही व्याख्या अडत नाही, कारण थांबण्याची अट पूर्ण झाली की पुढची नक्कल लागतच नाही. कंपायलर मात्र आधीच नकला करायला बसतो. फंक्शनला मिळणारा आकडा, एन, किती, हे बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे नकलांना अंत राहत नाही. कुठेतरी थांबावंच लागतं, आणि ती जागा माणसांनी ठरवायची असते.

ती प्रत्येकाने वेगळी ठरवली. हॅस्केल भाषेच्या जीएचसी या कंपायलरची रीत मला सर्वांत स्वच्छ वाटते. एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांच्या वर्तुळातून तो एक ‘लूप ब्रेकर’ निवडतो आणि ते फंक्शन इनलाइन करत नाही. बाकीची मोकळी राहतात. जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या हॉटस्पॉटमध्ये रिकर्सिव्ह कॉल इनलाइन करण्याची मर्यादा मुळात १ आहे.

सीचा कंपायलर जीसीसी जास्त धीट आहे: नकलेत नक्कल अशी खोली ८पर्यंत, फुगलेल्या फंक्शनचा आकार ४५० सूचनांपर्यंत, आणि कॉल होण्याची शक्यता फार कमी असेल तर इनलाइन नाहीच. हे आकडे म्हणजे अनुभवावर बेतलेले अंदाज आहेत. रिकर्शनच्या चार पायऱ्या एकत्र झाल्या की कॉलचा खर्च वाचतो, पण कोड फुगला की प्रोसेसरच्या सूचना-कॅशमध्ये (सूचना हाताशी ठेवणाऱ्या छोट्या, वेगवान मेमरीत) तो मावेनासा होतो.

फॅक्टोरियलवर हे दिसणार नाही, कारण जीसीसी त्याचा सरळ लूप करून टाकतो. फिबोनाचीत दोन कॉल असतात. एकाचा लूप होतो, दुसरा इनलाइन होत जातो. खोलीची मर्यादा एकदा १ आणि एकदा ८ ठेवून दोन्ही असेंब्ली (कंपायलरने तयार केलेल्या सूचनांच्या याद्या) शेजारी ठेवाव्यात.