मोटन हायस्कूल, फार्मव्हिल

मोटन हायस्कूल : अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल या छोट्या गावची पूर्वीची सरकारी माध्यमिक शाळा. फार्मव्हिल हे प्रिन्स एडवर्ड काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्य ठिकाण. गाव ॲपोमॅटक्स नदीच्या काठी, तंबाखूच्या व्यापारावर वाढलेले. याच काउंटीत लहानाचे मोठे झालेले आणि पुढे अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख झालेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट रसा मोटन यांचे नाव शाळेला देण्यात आले. त्या काळी व्हर्जिनियात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. मोटन ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा.

१९३९ साली बांधलेली ही विटांची बैठी इमारत १८० मुलांसाठी होती. १९५१ पर्यंत पटावरची संख्या साडेचारशेवर गेली. तिथे ना व्यायामशाळा होती, ना जेवणघर. पालकांनी नव्या इमारतीसाठी वारंवार अर्ज केले, तेव्हा शिक्षण मंडळाने आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून शेड उभ्या केल्या. लांबून त्या कोंबड्यांच्या खुराड्यांसारख्या दिसत. पावसात छप्पर गळे. हिवाळ्यात शेगडीजवळ बसलेली मुले भाजून निघत आणि मागच्या बाकांवरची अंगातला कोट न काढताच धडे गिरवत. पुस्तके आणि बसगाड्या गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या.

बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी. एके दिवशी तिची बस चुकली. रस्त्याच्या कडेला ती ताटकळत उभी असताना गोऱ्या मुलांची, निम्मी रिकामी बस तिच्या समोरून निघून गेली. काहीतरी केलेच पाहिजे, हे तिच्या मनाने तेव्हा घेतले. काही निवडक मुलांना विश्वासात घेऊन तिने कित्येक महिने गुपचूप तयारी केली. २३ एप्रिल १९५१ रोजी खोटा फोन करून मुख्याध्यापकांना गावात पाठवण्यात आले आणि त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत फिरल्या. मुले सभागृहात जमली, पडदा सरकला, तर व्यासपीठावर बार्बरा. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितले, पायातला बूट काढून बाकावर आपटला आणि मुलांना संपावर चलण्याची हाक दिली. शाळाच्या शाळा बाहेर पडली. मुख्याध्यापकांवर आळ येऊ नये म्हणून मुलांनी त्यांना आधी काहीच कळू दिले नव्हते. तरीही पुढे त्यांची नोकरी गेलीच.

मुलांची मागणी साधी होती : चांगली इमारत. राज्याची राजधानी रिचमंडहून आलेले, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र स्पष्ट सांगितले की, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तरच आम्ही खटला लढवू. पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये सभा झाल्या आणि पालक तयार झाले. गावात ज्यांच्या शेतावर राबायचे आणि ज्यांच्या दुकानात उधारी ठेवायची, त्यांच्याविरुद्धच कागदावर सही करायची होती. या होकाराचे मोल त्यावरून कळते. संप दोन आठवडे चालला. मे महिन्यात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. पहिले नाव होते नववीतल्या डोरोथी डेव्हिसचे. कृष्णवर्णीयांना धमकावण्यासाठी शाळेच्या आवारात क्रूस जाळण्यात आला. बार्बराच्या जिवाला धोका वाटल्याने घरच्यांनी तिला अलाबामात काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवले.

खालच्या न्यायालयात मुले हरली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा दावा इतर चार दाव्यांसोबत ऐकला आणि १७ मे १९५४ रोजी सरकारी शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवला. हाच तो ‘ब्राऊन’ निकाल. त्यातल्या पाच दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकटाच. दरम्यान काउंटीने घाईघाईने कृष्णवर्णीय मुलांसाठी नवी शाळा बांधून टाकली होती.

मोटनची कहाणी बहुतेकदा या विजयाशी थांबवली जाते. त्यामुळे तिचा सर्वांत कठोर भाग वगळला जातो. १९५९ मध्ये न्यायालयाने एकत्र शाळा सुरू करण्याचा आदेश देताच काउंटीने शाळांचा निधीच बंद केला आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी लगेच खाजगी शाळा निघाली. तिला पुढे सरकारी अनुदानाचा आणि करसवलतीचाही आधार मिळाला. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच उरले नाही. कोणी नातेवाइकांकडे परगावी गेले, कोणाला क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी परराज्यातल्या घरांत ठेवले, कोणी चर्चच्या तळघरात जमेल तेवढे शिकले. पुष्कळ मुले शेतात कामाला लागली आणि पुन्हा शाळेत आलीच नाहीत. १९६३ मध्ये देणग्यांवर मोफत शाळा निघाल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा अशा बंद ठेवणे घटनाबाह्य ठरवले आणि त्यानंतर सरकारी शाळा पुन्हा उघडल्या. पाच वर्षे गेली होती. पहिलीत जायचे मूल तोवर दहा-अकरा वर्षांचे झाले होते.

जुनी इमारत १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली. संपाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, २००१ मध्ये, तिथे संग्रहालय सुरू झाले. वॉशिंग्टनच्या संसद भवनातला व्हर्जिनियाचा, यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ई. ली यांचा पुतळा २०२० मध्ये हलवण्यात आला आणि त्या जागेसाठी राज्याने बार्बरा जॉन्स यांच्या पुतळ्याची निवड केली. त्या स्वतः पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल होत्या. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांची शाळा हिरावली गेली त्यांच्यासाठी व्हर्जिनियाने २००४ मध्ये शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर ती मुले पन्नाशीच्या घरात आली होती.