पाय भरून आले म्हणून साखर-पाणी? शुगर असलेल्या बायकांनी हे वाचाच

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या बायकांत एक सल्ला कायम ऐकू येतो, व्यायामानं अंग दुखलं की ॲसिड साठलंय समजायचं आणि लिंबू-साखर-पाणी प्यायचं. हे साफ चुकीचं आहे आणि डायबेटीस असेल तर शुगर उगाच वाढवणारं आहे.

हे ॲसिड म्हणजे व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड, ते व्यायामानंतर तासा-दीड तासात रक्तातून कमी होतं ओ, मग दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या कशानं? सवय नसलेल्या ताणानं स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, त्यातही उतरताना जास्त, म्हणजे जोतिबाला चढताना दम लागतो खरा पण नंतर जिना उतरताना कठड्याला धरायची वेळ येते ती डोंगर उतरल्यामुळं. २४ ते ७२ तास जास्त दुखतं, मग आपोआप ओसरतं. तोवर हळूहळू चालत राहा, अंथरूण धरू नका.

साखर लागते ती शुगर उतरल्यावर. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतर कित्येक तासांनीही उतरू शकते. घाम, थरथर आणि मशीनवर ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा.

आणि पावलं बधिर असतील तर गरम पिशवीनं शेकू नका प्लीज, चटका बसलेला कळतच नाही आणि जखम लवकर भरत नाही. पेनकिलरही मनानं नको, किडनीचा प्रश्न असतो. लघवी काळपट चहासारखी झाली तर लगेच दवाखाना गाठा.