‘निघून गेली’ आणि ‘पळवून नेली’: मिसिंग वेगळी, अपहरणाचा गुन्हा वेगळा

पेपरच्या आतल्या पानावर ही दोन वाक्यं तुम्ही शंभरदा वाचली असतील.

‘राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेली, ती अद्याप परत आली नाही.’

‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले.’

दोन्ही वाक्यं ठाणे अंमलदाराच्या हाताला इतकी सरावलेली असतात की नाव, वय आणि कपड्यांचा रंग तेवढा बदलतो. पण जरा व्याकरणाच्या नजरेनं बघा. पहिल्या वाक्यात हरवलेली व्यक्ती कर्ता आहे आणि तिच्याखेरीज वाक्यात दुसरं कुणीच नाही. दुसऱ्यात ती कर्म झाली आहे. तिथं आरोपी हजर आहे, फक्त त्याचं नाव कळायचं बाकी आहे. पहिल्या वाक्याची नोंद ‘मनुष्य मिसिंग’ रजिस्टरात होते, दुसऱ्याचा एफआयआर होतो. हरवलेल्यांच्या केसेस आवडीनं फॉलो करणारे बहुतेक जण (मीही बरीच वर्षं त्यांतलाच) या दोन्हींना सरसकट ‘पोलिसांत तक्रार दिली’ म्हणून मोकळे होतात. आणि मग ‘तक्रार देऊनही पोलिसांनी सहा महिने काहीच कसं केलं नाही?’ हे कोडं काही सुटत नाही.

यातलं कुठलं वाक्य लिहायचं, हे नेमकं काय घडलं त्यावरून ठरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते जन्मतारखेवरून ठरतं.

हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर थेट गुन्हा नोंदवावा लागतो. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी तसा आदेश दिला. मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवून नेलं गेलं आहे किंवा मानवी तस्करीत सापडलं आहे असं गृहीत धरायचं आणि एफआयआर नोंदवून तपास सुरू करायचा. यामागे निठारीची आठवण होती. नोएडाच्या त्या वस्तीतली मुलं एकामागून एक नाहीशी होत होती, आईबाप पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते आणि ‘गेली असेल कुठं तरी’ या उत्तरावर त्यांची बोळवण होत होती. डिसेंबर २००६ मध्ये घरामागच्या नाल्यात अवशेष सापडले, तेव्हा देश हादरला.

त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर २०१३ ला, घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणाचा निकाल दिला. दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची) खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सांगणारा हा निकाल वकील मंडळी कुठल्याही प्रकरणात दाखवतात. तो मुळात उत्तर प्रदेशातल्या एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणातून आला, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. वडिलांनी खबर दिली होती आणि पोलीस ती नोंदवून घेत नव्हते.

म्हणून आज दहावीच्या निकालाला घाबरून मामाच्या गावी निघालेला मुलगाही कागदावर ‘अपहृत’ असतो. कुणावर प्रेम बसून स्वतःची बॅग भरून निघालेली सतरा वर्षांची मुलगीही तशीच. ‘महाराष्ट्रात अपहरणं वाढली’ ही बातमी वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ‘अपहृत मानलेली हरवलेली मुलं’ असा वेगळा रकानाच आहे, पण बातमीच्या मथळ्यात ‘मानलेली’ हा शब्द गळून पडतो. त्या मुलीसोबत पकडलेला मुलगा पुढं दोषी ठरेलच असंही नाही. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या जुन्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं फरक केला होता: वयात येऊ घातलेली, समज असलेली मुलगी आपणहून घर सोडून आली आणि त्यानं तिला सोबत राहू दिलं, एवढ्यावरून त्यानं तिला ‘नेलं’ असं होत नाही.

वयाचा आणखी एक मजेशीर तपशील. भारतीय दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या व्याख्येत मुलगी १८ वर्षांखालची, पण मुलगा मात्र १६ वर्षांखालचा होता. सतरा वर्षांच्या पोराला कुणी पळवील हे १८६० च्या कायद्याला पटत नसावं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये हा भेद गेला. आता दोघांनाही १८ ची एकच रेषा.

आता त्या रेषेच्या अलीकडे या. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती हरवली की सगळं गृहीतक उलटं होतं. सज्ञान माणसाला घर सोडून जाण्याचा हक्क आहे आणि नाहीसं होणं हा काही गुन्हा नव्हे. त्यामुळं मिसिंग दाखल होते. फोटो, उंची, बांधा, रंग, अंगावरचे कपडे लिहून घेतात, इतर पोलीस ठाण्यांना संदेश जातो, शोधपत्रिका निघते. रुग्णालयं, रेल्वे स्टेशनं, नातेवाईक यांच्याकडे चौकशी होते, मोबाइलचं शेवटचं लोकेशन काढलं जातं. हवालदार मनापासून काम करणारा असेल तर यातूनही खूप काही निघतं. पण कायद्याच्या भाषेत हा ‘शोध’ आहे, ‘तपास’ नाही. एफआयआर झाला की त्याची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते, फिर्यादीला मोफत मिळते, साक्षीदाराला नोटीस काढून बोलावता येतं, घराची झडती घेता येते, अटक करता येते. मिसिंगमध्ये कुणी संशयितच नसतो, तर अटक कुणाला करणार? कोर्टाला तर अशी नोंद झाल्याचा पत्ताही नसतो.

या दोन नोंदींमध्ये किती वेळ वाहून जाऊ शकतो, हे अश्विनी बिद्रे प्रकरणाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. त्या स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या. मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, नेमणूक नवी मुंबईत. ११ एप्रिल २०१६ नंतर त्या कुणाला दिसल्या नाहीत. त्यांच्या फोनवरून निरोप मात्र येत राहिले. काही दिवस विपश्यनेला जाते आहे, अशा अर्थाचे. घरच्यांनी कळंबोली पोलीस ठाण्यात मिसिंग दिली ती जुलैमध्ये. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला तो जानेवारी २०१७ च्या अखेरीस, म्हणजे त्या गायब झाल्यावर नऊ महिन्यांहून जास्त काळानं, आणि तोही कुटुंबानं उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतल्यावर. ज्याच्यावर संशय होता ते वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर. त्याच जानेवारीत त्यांना राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं होतं. अटक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयानं त्यांना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. मृतदेह अखेरपर्यंत मिळाला नाही. तुकडे करून वसईच्या खाडीत टाकल्याचं तपासात पुढं आलं.

म्हणजे जुलैपासून जानेवारीपर्यंत सरकारी कागदावर काय लिहिलेलं होतं? एक बाई कुणाला काही न सांगता निघून गेली. कर्ता तीच. आणि तोवर तिचा खून होऊन कितीतरी दिवस लोटले होते.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक सज्ञान व्यक्तीसाठीही थेट अपहरणाचाच गुन्हा का नोंदवत नाहीत? कारण सज्ञान माणसाच्या बाबतीत कायद्याला जबरदस्ती किंवा फसवणूक दिसावी लागते. आणि न्याय संहितेच्या कलम १३८ मध्ये ज्या अपहरणाची नुसती व्याख्या आहे, त्याला स्वतंत्र शिक्षाच नाही. खुनासाठी, खंडणीसाठी, डांबून ठेवण्यासाठी असा काही हेतू जोडला गेला की कलम १४० लागू होतं. म्हणून मिसिंगचं गुन्ह्यात रूपांतर व्हायला काहीतरी हाताशी लागतं: खंडणीचा फोन, रक्ताचा डाग, बँक खात्यातून निघालेले पैसे, शेवटी सोबत दिसलेला माणूस, जुनी धमकी. घरच्यांनी मिसिंग देतानाच हे जबाबात लिहायला लावलं तर पुढं उपयोग होतो. घराण्याची अब्रू नको जायला म्हणून नेमकं हेच लपवलं जातं, आणि ‘कोणाशीही वैर नाही’ असं लिहून घरचे बाहेर पडतात. पोलिसांनी गुन्हा घेतलाच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येतं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

आणि ते चोवीस तास! ‘२४ तास झाल्याशिवाय मिसिंग घेता येत नाही’ असा कुठलाही कायदा नाही. सिनेमातल्या इन्स्पेक्टरनं ते इतक्यांदा म्हटलं आहे की आता घरचेच घड्याळाकडे बघत बसतात.

या दोन रजिस्टरांच्या शेजारी तिसरंही एक असतं: अकस्मात मृत्यूचं. बेवारस मृतदेह सापडला की त्यात नोंद होते, आणि मिसिंगच्या नोंदीशी ती ताडून बघितली की बरीचशी कोडी सुटतात. पण त्यासाठी दोन्ही नोंदी असाव्या लागतात. मुंबईतल्या शीना बोरा या तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात काय झालं ते आठवा. एप्रिल २०१२ नंतर ती दिसली नाही, पण मिसिंग दाखल नव्हती. मे महिन्यात रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या जंगलात जळालेले अवशेष सापडले, त्याचा ना गुन्हा नोंदला गेला ना अकस्मात मृत्यू. ते अवशेष तिचेच, असं अभियोग पक्षाचं म्हणणं आहे. बचाव पक्षाला ते मान्य नाही आणि खटला चालू आहे. पण २०१५ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण उघडकीस येईपर्यंत दोन्ही टोकांना कागदच नव्हता, तर जोडणार काय?

त्यामुळं कुठलीही केस वाचायला घेतली की मी आधी नंबर शोधतो. ‘मनुष्य मिसिंग रजि. नं.’ असेल तर ती नुसती मिसिंग. ‘गु.र.नं.’ आणि पुढं कलमं असतील तर गुन्हा. ‘अ.मृ.र.नं.’ म्हणजे अकस्मात मृत्यू. पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक बातमीत जसंच्या तसं उतरवलेलं असलं तर हे अर्ध्या मिनिटात कळतं. एरवी ‘पोलिसांनी नोंद केली’ एवढंच हाती लागतं.

दोन्ही फायली बंदही वेगवेगळ्या तऱ्हेनं होतात. मूल घरी परतलं तरी अपहरणाचा गुन्हा आपोआप मिटत नाही. दोषारोपपत्र तरी जातं, नाहीतर समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्यासाठी कोर्टात दिलेला अहवाल. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’ समरी, फिर्यादच खोटी निघाली तर ‘ब’, गैरसमजातून झालेली असेल तर ‘क’. मिसिंगला असं काही नसतं. माणूस मिळाला नाही तर नोंद वर्षानुवर्षं तशीच उघडी राहते. सात वर्षं ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांनाही ती लागली नाही, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे तो मृत असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. मात्र तो कोणत्या दिवशी मेला हे त्यानं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये एलआयसीच्या एका दाव्यात हे स्पष्ट केलं, आणि मधल्या काळात हप्ते थकलेल्या पॉलिसीवर घरच्यांचं सगळं गणित तिथंच अडतं.

आणि सज्ञान व्यक्ती जिवंत सापडली तर? पोलीस तिचा जबाब घेतात. ‘मी स्वखुशीने घर सोडले असून मला परत जायचे नाही’ असं तिनं लिहून दिलं की मिसिंग संपली. ती कुठं राहते हे घरच्यांना सांगायला तिची संमती लागते. ‘सुखरूप आहे’ एवढंच त्यांना कळतं. त्या पहिल्या वाक्यातली कर्ता खरोखरच ती होती. तिचा फोटो आणि ‘दिसल्यास कळवा’चा फोन नंबर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पुढची तीन वर्षं फिरत राहतो.