पट्टी बाजारात, पापलेट जाळ्यात

कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटीमीटरची असते. गेल्या हिवाळ्यात मासळी बाजारात एका पाटीत पापलेटं पाहिली, ती त्या पट्टीपेक्षा बरीच आखूड होती. चकचकीत, तळहातावर मावणारी, आणि भावही हलका. ‘घे, काटा मऊ आहे, अख्खं तळून खाशील,’ मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, ‘मावशी, हे कायद्याच्या मापात बसतं का?’ त्यांनी कोयता खाली ठेवला. ‘मापात नाही बसत, मग काय करू? मेलेलंच आलंय बंदरावर. आता खाडीत नेऊन सोडू?’

मला उत्तर सुचलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि नोव्हेंबरमध्ये शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिलं. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही.

असं माप का लागतं, ते साध्या हिशेबाने कळतं. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही. तो रुंदीनेही वाढतो, जाडीनेही, म्हणून वजन साधारण आठपट होतं. समजा, बोटभर लांबीची शंभर पापलेटं पाण्यातच राहू दिली. त्यांची लांबी दुप्पट होईपर्यंत साठ मेली, कुणाला मोठ्या माशाने खाल्लं, कुणी रोगाने गेलं. उरली चाळीस. तरी त्यांचं वजन आधीच्या शंभरांच्या तिपटीहून जास्त भरेल. शिवाय मोठ्या पापलेटाला किलोमागे भाव चढा, आणि पुढे मादीला अंडी घालायची संधीही मिळेल. अर्थात हे कायम चालत नाही. मासा वयात आला की वाढ मंदावते आणि मरणारे मात्र मरतच राहतात, तेव्हा थांबून राहण्यात तोटा सुरू होतो. हा बदल नेमका कुठे होतो, हे शोधणं म्हणजे मत्स्यशास्त्रज्ञांचं निम्मं काम. पिल्लं वाढायच्या आत मारून आपलंच वजन बुडवणं ही अतिमासेमारीची एक तऱ्हा. दुसरी अधिक वाईट, अंडी घालणारे मासेच इतके कमी होतात की पुढची पिढी धड उभी राहत नाही.

हिशेब बरोबर आहे, पण तो लागू करायचा कुठे? मावशींचा मुद्दा तोच होता.

गळ टाकून बसणाऱ्याला माप पाळणं सोपं जातं. मासा लहान निघाला तर ओल्या हाताने धरायचा, आकडा काढायचा आणि परत सोडायचा. काळजी घेतली तर बहुतेक मासे जगतात. म्हणूनच अनेक देशांत हौशी मासेमारांसाठी आकाराची आणि दिवसाला किती मासे न्यायचे याची मर्यादा असते. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड संपत आला म्हणून १९९२ मध्ये त्याची व्यावसायिक मासेमारी बंद केली; ती बंदी २०२४ मध्ये उठली. घरच्या खाण्यापुरतं मारणाऱ्यांना तिथे ठरावीक दिवशीच परवानगी असते आणि माणशी दिवसाला पाचच मासे मिळतात. आपल्याकडे कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरीच्या आसपास गळवाले महसीर हा नदीतला मोठा मासा पकडून, वजन करून सोडून देत आणि वहीत नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा कुबड असलेला मूळचा महसीर झपाट्याने कमी होत असल्याचं दिसलं. त्याच पाण्यात सोडलेला दख्खनी महसीर मात्र वाढत होता. तो दख्खनी महसीर लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातून गेलेला. चांगल्या हेतूने सोडलेलं बीसुद्धा दुसऱ्याच्या घरात घुसतं, ते असं.

ट्रॉलर मात्र समुद्राच्या तळावरून तासन् तास जाळं ओढत जातो. मासे जाळ्याच्या शेवटच्या खोळीत एकमेकांवर चेपले जातात आणि वर येतात तेव्हा बहुतेक मेलेले असतात. डेकवर पट्टी लावून मग काय उपयोग? मापाचा निकाल पाण्याखालीच लागायला हवा, जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात.

आणि इथे एक गंमत आहे. जाळ्याचा आस सहसा शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. घरी कांद्याची जाळीची पिशवी घ्या आणि लांबीत ओढा. भोकं मिटतात. ट्रॉलच्या खोळीचंही तसंच होतं. ताण आला की कागदावर मोठा असलेला आस पाण्यात चिरेएवढा उरतो आणि पिल्लं अडकतात. तेच जाळं वळवून आस चौकोनी बसवला तर ताण एकाच दिशेच्या दोऱ्यांवर येतो आणि भोक उघडं राहतं. म्हणून संशोधक ४० मिलिमीटर चौकोनी आसाच्या खोळीचा आग्रह धरतात. बाकी काहीच लागत नाही, नवं यंत्रही नाही.

पावसाळी बंदीचं गणित वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौका बंद. अनेक जातींची वीण याच सुमारास असते आणि बोट बंदरात नांगरलेली दिसते, त्यामुळे तपासायलाही सोपं. कोळ्यांचा जुना रिवाज नारळी पौर्णिमेचा, ती मात्र ऑगस्टातच येते. तिथीप्रमाणे चाललं असतं तर माशांना आणखी थोडे दिवस मिळाले असते, असं मला वाटतं.

बंदी उठली की पुन्हा तीच खोळ पाण्यात जाते. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. त्यापुढे केंद्राचा अंमल. एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी किनाऱ्यावरून काळोखात उजेड दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

चौकोनी खोळीबद्दल एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारलं. तो नाकारत नव्हता. म्हणाला, त्यातून लहान कोळंबी निसटते, आणि डिझेलचे पैसे कोळंबीच देते. मग जरा थांबून म्हणाला, ‘शिवाय मी सोडलेलं पापलेट मोठं व्हायला राहतं कुठे? मागून येणाऱ्या बोटीत चढतं.’