कपाळावरची गन आणि काखेतला थर्मामीटर: कुठला आकडा धरायचा?

मुलाला ताप आला की कपाळासमोर धरायच्या इन्फ्रारेड थर्मामीटरवर, म्हणजे गनवर, ९८ फॅरनहाइट आणि काखेत १०१. मग घरात दोन्हींची सरासरी काढली जाते. कृपा करून हे थांबवा. काखेतला आकडा धरा.

काखेतला डिजिटल थर्मामीटर सगळ्यांच्या सवयीचा आहे: काख कोरडी पुसायची, टोक खोल कातडीला भिडवायचं, मध्ये झबल्याची बाही नको, दंड छातीशी दाबून बीप होईपर्यंत धरायचा. काख अशी बंद झाली की तिथली ऊब आतल्या तापाच्या जवळ जाते.

गन मात्र कपाळाच्या कातडीतून बाहेर पडणारी उष्णता टिपते. कातडी आतल्या शरीरापेक्षा थंड असते, म्हणून यंत्र आपल्या ठरलेल्या हिशोबाने त्यात भर घालून आकडा दाखवतं. कपाळावर घाम असेल, नुकतीच ओली पट्टी काढली असेल, वर पंखा गरगरत असेल, तर हा हिशोब चुकतो. उन्हातून आलेल्या मुलाचा आकडा उलट फुगतो.

सर्वांत मोठी फसगत ताप चढताना होते. मूल कुडकुडतं, हातपाय गार पडतात, कारण शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आखडून घेतं. आत ताप वाढत असतो, कपाळ मात्र गार. नेमकी तेव्हाच गन ९८ दाखवते आणि घरचे निर्धास्त होतात. या वेळी काखेतही आकडा थोडा कमी येऊ शकतो. कुडकुडणं थांबलं की पुन्हा मोजा.

बऱ्याच गनमध्ये शरीर आणि वस्तू असे दोन मोड असतात. बाटलीतलं दूध मोजून मोड तसाच राहिला, की कपाळावर ९४ येतं आणि धावपळ सुरू होते. आधी मोड बघा.

"काखेत आलंय ना, मग एक मिळवा" हा सल्लाही सोडून द्या. काखेतल्या आणि आतल्या तापातला फरक प्रत्येक मुलात सारखा नसतो. डॉक्टरांना सरळ सांगा: काखेत १०१.२, संध्याकाळी सहाला, औषध देण्याआधी.

मोजायचं कधी? अंग तापलेलं वाटलं, मूल मलूल झालं, दूध नको म्हणालं, की. अंघोळीनंतर किंवा दुपट्यातून सोडवल्यावर १५-२० मिनिटं थांबा. पॅरासिटामॉलनंतर दर दहा मिनिटांनी मोजण्यात अर्थ नाही, गुण यायला तासभर लागतो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला गनवर विसंबू नका. काखेत ९९ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन करा. १००.४, म्हणजे ३८ सेल्सियस, किंवा जास्त असेल तर मनाने औषध न देता, मध्यरात्र असली तरी बाळाला घेऊन जा. नवजात बाळाचा आकडा ९७.७ च्या खाली गेला तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही: टोपी घाला, उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, अर्ध्या तासाने परत मोजा. आकडा चढत नसेल तर थांबू नका, आणि बाळ दूध ओढत नसेल तर अर्धा तासही नको, तडक दवाखाना गाठा.