विद्युत दुचाकीचा कंट्रोलर : उष्णता आणि बचाव

बॅटरीतला एकदिश प्रवाह मोटरला लागणाऱ्या तीन फेजच्या प्रवाहात बदलणारा, आणि मूठ पिळल्यावर मोटरला किती करंट सोडायचा हे ठरवणारा डबा म्हणजे कंट्रोलर. स्कूटरमध्ये तो सीटखाली किंवा फुटबोर्डखाली असतो, सायकलीत बॅटरीच्या खोळीत किंवा सीटच्या नळीजवळ. मोटर आणि बॅटरीच्या मानाने तो लहान असतो आणि त्याच्याकडे लक्ष सर्वांत कमी जाते. ग्वाल्हेरसारख्या शहरात, जिथे मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि लू वाहते, तिथे उन्हाळ्यात बंद पडणाऱ्या गाडीत आधी पाहावी अशी जागा हीच.

उष्णता तयार होते ती मॉसफेटमध्ये. साध्या कंट्रोलरमध्ये असे सहा विद्युत-स्विच असतात आणि ते सेकंदाला साधारण 10 ते 20 हजार वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापेत थोडी ऊर्जा वाया जाते. त्याखेरीज स्विच चालू असतानाही त्याचा अंतर्गत रोध अगदी शून्य नसतो, त्यामुळे करंट जाताना तो तापतो. हा दुसरा ऱ्हास करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय मॉसफेट 25 अंशांवरून 125 अंशांपर्यंत तापला की त्याचा रोध दीडपट ते दुप्पट होतो. म्हणजे तापलेला कंट्रोलर तेवढ्याच करंटला आणखी तापतो.

गाडी जोरात पळवली की कंट्रोलर तापतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्याला जड जाते ते सावकाश आणि जोर लावून चालणे. ग्वाल्हेरचा किल्ला शहरापासून सुमारे 100 मीटर उंच खडकावर आहे आणि वाहने उरवाई दरवाजाच्या बाजूने वर जातात. हिशेबासाठी समजा, गाडी 90 किलोची आणि वर बसलेली दोन माणसे मिळून 140 किलो. सपाट रस्त्यावर ताशी 40 किमी वेगाला साधारण 75 न्यूटन रेटा लागतो, म्हणजे सुमारे 830 वॉट. 100 मीटरला 8 मीटर असा चढ ताशी 20 किमीने चढायचा तर रेटा 210 न्यूटनच्या आसपास जातो आणि शक्ती सुमारे 1,170 वॉट लागते. शक्ती दीडपटही वाढली नाही. पण मोटरचा करंट रेट्याच्या प्रमाणात चालतो, तो पावणेतीनपट झाला, आणि करंटच्या वर्गाने वाढणारी उष्णता जवळजवळ आठपट. वेग निम्मा, म्हणून डब्यावरून जाणारा वाराही निम्माच. गंमत अशी, की एवढे वजन 100 मीटर वर नेण्याची निव्वळ ऊर्जा 63 वॉट-तास भरते. 60 व्होल्ट, 30 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जेमतेम एकोणतिसावा भाग. प्रत्यक्षात थोडी जास्त खर्च होते, तरी मीटरवर चार्ज फारसा उतरलेला दिसत नाही आणि चालवणाऱ्याला वाटते, गाडीवर काही ताणच पडला नाही.

ग्वाल्हेरच्या बाडा किंवा दौलतगंज या बाजारभागांच्या गर्दीत पाय टेकत-टेकत गाडी रेटताना हेच थोड्या प्रमाणात होते. कमी वेगात मोटरकडे जाणारा फेज करंट बॅटरीकडून येणाऱ्या करंटच्या कितीतरी पट असू शकतो, त्यामुळे बॅटरीचे अँपिअर दाखवणारे मीटर इथे खरे सांगत नाही. सर्वांत वाईट म्हणजे चाक अडलेले असताना मूठ पिळून धरणे. फिरत्या मोटरमध्ये भार सगळ्या मॉसफेटमध्ये आळीपाळीने वाटला जातो. अडलेल्या मोटरमध्ये तो ठरावीक मॉसफेटवरच साचतो. गटाराच्या कडेवरून गाडी वर घ्यायची तर उतरून, हाताने रेटत घ्यावी.

ऋतूचा हिशेबही सरळ आहे. समजा, एखादा कंट्रोलर 85 अंशांना करंट कमी करायला लागतो. 20 अंशांच्या जानेवारीत त्याला वर चढायला 65 अंश मिळतात, 45 अंशांच्या दुपारी फक्त 40. तेवढ्याच डब्यातून बाहेर जाऊ शकणारी उष्णता त्याच प्रमाणात घटते आणि सतत पेलता येणारा करंट सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो. उन्हात उभ्या गाडीच्या सीटखालची हवा बाहेरच्यापेक्षाही गरम, तेव्हा प्रत्यक्षात सवलत याहून कमी. सावलीत गाडी लावणे हा म्हणूनच फुकटचा आणि खरोखर उपयोगी उपाय.

बचावाचा मुख्य भाग म्हणजे उष्णतेला बाहेर पडायची वाट देणे. मॉसफेटची धातूची पाठ एका पट्टीला, पट्टी डब्याच्या ॲल्युमिनियमला आणि डबा हवेला किंवा चासीला टेकलेला असतो. ही साखळी जिथे सैल, तिथे ताप साचतो. दोन धातूंच्या पृष्ठांमध्ये डोळ्यांना न दिसणारी हवा राहते आणि हवा उष्णता फार वाईट वाहते, म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. ती पातळच लावायची. जाड थर दिला तर पेस्टच आड येते, कारण ती हवेपेक्षा बरी असली तरी ॲल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही. काही मॉसफेटच्या पाठीवर फेजचा व्होल्टेज असतो, त्यामुळे पेस्टबरोबर अभ्रकाची किंवा सिलिकॉनची विद्युतरोधक चकतीही हवी. दुरुस्तीत ती फाटली किंवा विसरली, तर पहिल्याच चालूत शॉर्ट. डबा चासीच्या सपाट, रंग खरवडलेल्या धातूवर पेस्ट लावून स्क्रूने घट्ट बसवला, तर चासीच कूलिंगला मदत करते. उलट, आवाज करू नये म्हणून त्याच्याभोवती फोम गुंडाळणे किंवा पावसाच्या भीतीने प्लॅस्टिकची पिशवी बांधणे म्हणजे त्याला मे महिन्यात रजई पांघरणे. पिशवीत आतल्या आत दव धरते ते वेगळेच. पाण्यापासून बचाव करायचा तर वायरची तोंडे खाली वळवावीत आणि डब्यावरच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्या (फिन) मोकळ्या, शक्यतो उभ्या ठेवाव्यात.

बाजारात छोटे पंखे मिळतात. ग्वाल्हेरच्या धुळीत त्यांचा उपयोग थोडे महिनेच, पुढे पात्यांमध्ये धूळ ठासून बसते आणि पंखा अडकतो. पंख्यावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा जास्त मॉसफेटच्या कंट्रोलरवर घालावा. सहाच्या जागी बारा असले, तर तेवढ्याच करंटला वहनातला एकूण ऱ्हास निम्मा होतो आणि प्रत्येक मॉसफेटवरचा पावपट. ई-रिक्षांमध्ये 24 मॉसफेटचे कंट्रोलर याच कारणाने दिसतात. मात्र बॅटरी आणि मोटर त्याला जुळणारी हवी.

"काका, थोडा करंट वाढवून देतो, गाडी पळेल," हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये करंट मोजण्यासाठी शंट नावाची जाड तार असते. तिच्यावर सोल्डर चढवला की तिचा रोध घटतो, कंट्रोलरला करंट कमी भासतो आणि तो जास्त सोडतो. गाडी पळतेही, पण संरक्षणाचा हिशेब चुकलेला असतो. नोंदणी न लागणाऱ्या, 250 वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि 25 किमी वेगाच्या आतल्या गाड्यांत हा प्रकार विशेष घातक, कारण त्यातला डबा मुळातच लहान. ज्या कंट्रोलरमध्ये मर्यादा सेट करता येते, तिथे उन्हाळ्यापुरता फेज करंट थोडा उतरवावा. सुटताना उसळी कमी होते, टोकाच्या वेगात फारसा फरक पडत नाही.

मॉसफेटखेरीज इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही उष्णतेने झिजतात. ढोबळ नियम असा, की दर 10 अंश वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे. वायर जोडणारे बुलेट कनेक्टर सैल असले तर तेही स्वतः तापून वायरमार्गे डब्यात उष्णता पोचवतात.

चांगल्या कंट्रोलरमध्ये तापमापक असतो. मर्यादा आली की तो करंट कमी करतो, मग तोडतो. चढावर ताकद अचानक उतरली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत आली, तर संरक्षणाने काम केले असे समजावे. अशा वेळी गरम डब्यावर पाणी ओतू नये. सावलीत उभी करून सीट उघडावी. थंड झाल्यावरही गाडी चालली नाही, तर मुख्य स्विच बंद करून चाक हाताने फिरवून पाहावे. ते झटके देत, अडत फिरले आणि मोटरच्या तिन्ही फेज वायर सोडवल्यावर मोकळे झाले, तर मॉसफेट शॉर्ट झाल्याची दाट शक्यता. अशी गाडी वायर जोडलेल्या ठेवून ओढत नेऊ नये, कारण फिरणारी मोटर स्वतः वीज तयार करते आणि ती त्याच शॉर्टमधून वाहून मोटरचे वेटोळेही तापवते.