तापलेल्या सुईने हस्तिदंत ओळखता येत नाही

जुनी कोरीव मूर्ती हाती आली की सल्ला ठरलेला असतो: तापलेली सुई टोचा, वितळली नाही तर हस्तिदंत. कृपया हे करू नका. हाडही वितळत नाही, मग सुईने सिद्ध काय झालं? शिवाय वस्तू सेल्युलॉइडची, म्हणजे हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या जुन्या प्लास्टिकची निघाली तर ती भडकन पेट घेऊ शकते, आणि खरी असेल तर कायमचा डाग पडतो.

त्यापेक्षा दहापट भिंग घ्या आणि मूर्तीचा तळ पाहा. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्यांचे काळपट ठिपके किंवा बारीक रेघा दिसतात. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात मात्र एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन हत्तीत साधारण ११५ अंशांहून मोठा, तर मॅमथमध्ये (हत्तीचा नामशेष झालेला केसाळ नातलग) ९० हून लहान असतो. सेल्युलॉइडवर नुसत्या समांतर रेघा उमटवलेल्या असतात, जाळी नसते. कोरीव कामात छेद उघडा नसेल, तर जाळी दिसणारही नाही. अशा वेळी तज्ज्ञच हवा.

पिवळटपणा हा तर पुरावाच नव्हे, तो चहाच्या पाण्यानेही आणता येतो.